गेट किलोवर, खांब रामभरोसे

बंगल्याचे असो, सोसायटीचे असो की गोदामाचे, लोखंडी गेट आपल्याकडे बहुतेक वेळा किलोवर बनते. फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये पाइपची जाडी असते, पत्र्याचा गेज असतो, लाल प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात असतात आणि शेवटी किलोमागे दर असतो. गेट जितके जड तितके बिल मोठे, त्यामुळे जडपणा म्हणजेच मजबुती हा समज मालकाला पटतो आणि फॅब्रिकेटरला परवडतो. या कोटेशनमध्ये एक ओळ मात्र सहसा नसते. एवढे लोखंड ज्याच्यावर लटकणार त्या खांबाचे काय? खांब गवंड्याने महिनाभर आधी बांधून ठेवलेला असतो. गवंडी म्हणतो, पुढचे गेटवाला बघेल. गेटवाला म्हणतो, भिंत तुमची, मी फक्त गेट लावून देतो. इमारतीच्या आराखड्यावर सही करणाऱ्या अभियंत्यापर्यंत हा विषय पोचतच नाही, कारण कंपाउंडची भिंत आणि तिचे गेट ही ‘बाहेरची कामे’ असतात. माझे म्हणणे साधे आहे. लोखंडी गेटचा भार विटांच्या भिंतीवर टाकूच नये. गेटच्या खांबाला स्वतःचा पाया हवा. जिथे भिंतीला धरण्यावाचून इलाजच नाही, तिथे ती जोडणी हिशेब मांडून आणि भिंतीच्या आरपार व्हावी. आणि हा हिशेब वेल्डरवर न सोडता इमारतीच्या अभियंत्याने करावा.

गेटचे वजन खाली जमिनीकडे लागते, तेव्हा खांब चेपला जाईल पण पडायचा कशाला, असे बहुतेकांना वाटते. गोम इथेच आहे. भरलेली बादली अंगालगत धरली तर हाताला फक्त वजन कळते. तीच हात लांब करून धरली की खांदा पुढे ओढला जातो. गेटच्या खांबाची गत त्या खांद्यासारखी असते. दोन मीटर रुंदीचा आणि १५० किलो वजनाचा एक पल्ला घेऊ. सोसायटीच्या चार मीटरच्या गेटला असे दोन पल्ले सर्रास असतात. पल्ल्याचे वजन बिजागरीपासून सरासरी एक मीटर लांब असते. वरच्या आणि खालच्या बिजागरीत १.२ मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला रस्त्याच्या मोकळ्या बाजूकडे १२५ किलोच्या जोराने सतत ओढत राहते आणि खालची तेवढ्याच जोराने त्याला भिंतीकडे ढकलते. दिवसरात्र, गेट कुणी उघडो न उघडो. दिसायला बरे म्हणून बिजागऱ्या जवळ आणून अंतर निम्मे केले की ओढ दुप्पट, २५० किलो. पल्ल्याच्या टोकाला लोंबकळून झोका घेणारे पोर कोणत्या शाळेच्या गेटवर दिसत नाही? चाळीस किलोचे पोर टोकाला बसले की वरच्या बिजागरीवरची ओढ आणखी सुमारे ६७ किलोंनी वाढते. वाऱ्याचा जोर वेगळाच. भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. त्यातून येणारा दाब चौरस मीटरला अनुक्रमे सुमारे ९३ आणि ११८ किलो भरतो. उंची आणि आडोसा यांचे गुणक लावून प्रत्यक्ष आकडा खाली येतो हे खरे. पण पूर्ण पत्रा ठोकलेल्या साडेतीन चौरस मीटरच्या पल्ल्याला याची झळ किती, ते ज्याचे त्याने करून पाहावे. बंद गेटवर आलेल्या वाऱ्याचा निम्मा भार कडीकडे जातो, निम्मा पुन्हा बिजागऱ्यांकडेच.

आता ही ओढ ज्याने पेलायची तो खांब पाहू. वीटकाम दाबाला भक्कम असते आणि ताणाला अगदीच लेचेपेचे. वीट आणि तिच्याखालचा माल यांच्यातला सांधा ओढला की सुटतो. म्हणून वीटकामाच्या संरचनेसाठीचे आयएस १९०५ हे मानक मुळातच सांगते की बांधकाम ताण घेत नाही असे धरूनच हिशेब करावा. सुट्या उभ्या भिंतींसाठी वगैरे जी सवलत ते देते, तीही चांगल्या सिमेंटच्या मालात, आडव्या सांध्यांवर, चौरस मिलिमीटरला फक्त ०.०७ न्यूटनची. म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोसुद्धा नाही. सहा फूट उंचीचा, चौदा इंची चौकोनी विटांचा सुटा खांब घ्या. त्याचे स्वतःचे वजन आणि गेटचे वजन त्याच्या बाजूने धरा. तरीही वरच्या उदाहरणातल्या पल्ल्यामुळे त्याच्या बुडाशी, भिंतीकडच्या अंगाला, या मर्यादेच्या दुपटीहून जास्त ताण येतो. वारा नाही, झोका घेणारे पोर नाही, मागे घेताना गेटला टेकलेला टेम्पो नाही. नुसते गेट टांगून ठेवले, एवढ्यावरच. नऊ इंची खांब असेल तर हाच आकडा मर्यादेच्या दहापटीच्या घरात जातो. असे खांब गावोगाव उभे दिसतात, याची कारणे दोन. मानकातल्या मर्यादेत सुरक्षिततेचा बराच वाव ठेवलेला असतो आणि मागची भिंत खांबाला थोडेफार धरून ठेवते. पण भिंत धरून ठेवते कधी? विटा एकमेकींत गुंफून खांब आणि भिंत एकाच वेळी वर चढवली असेल तेव्हा. खांब आधी आणि भिंत नंतर, किंवा गेट रुंद करायचे म्हणून जुनी भिंत कापून तिच्या तोंडाला नवा खांब चिकटवलेला, असे असेल तर दोघांमध्ये वरून खालपर्यंत सरळ सांधा राहतो. गिलावा तो झाकतो, जोडत मात्र नाही.

हे झाले खांबाचे. लोखंडी पोस्ट विटांच्या भिंतीला बोल्टने धरण्याची पद्धत आता जास्त चालते, आणि चुका तिथेच जास्त दाटीने होतात. गेट येते ते भिंतीच्या अगदी टोकाला, आणि भिंतीत बोल्ट धरायला सर्वांत वाईट जागा कोणती असेल तर ती टोकाचीच. नेहमीचा अँकर फास्टनर म्हणजे एक्स्पान्शन बोल्ट. नट आवळला की त्याची बाही भोकात फुगते आणि बाजूच्या मालाला रेटून धरते. काँक्रीटमध्ये हा रेटा चालतो. विटेत, तोही कडेपासून चार बोटांवर, हाच रेटा विटेची कड फोडतो. काम चालू असताना जवळ उभे राहून पाहावे. ड्रिल हॅमरवर ठेवलेले असते, त्यामुळे भोक पडता पडताच वीट आतून तडकते. गिलाव्यामुळे खाली वीट आहे की सांधा, हे मिस्त्रीला दिसत नाही, आणि चार भोकांपैकी एखादे सांध्यात जातेच. बोल्ट फिरत राहतो, पकडत नाही. मग भोकात काडी किंवा तारेचा तुकडा कोंबून तो ‘टाइट’ केला जातो. वरून वॉशर, वॉशरवर वेल्डिंगचा टाका, टाक्यावर रंग. त्या रंगाखाली चारांपैकी दोनच बोल्टनी पकडले आहे, हे त्या मिस्त्रीशिवाय कोणालाही कळणार नाही. पोस्टला पाय वेल्ड करून भिंतीत चिणायचे ही जुनी पद्धत याहून बरी, पण तिचीही घाई नडते. छिन्नीने भिंत फोडायची, पाय आत घालायचे, जवळ पडलेला माल कालवून भोके बुजवायची आणि संध्याकाळी गेट लटकवून हिशेब पुरा करायचा. सिमेंटचा माल पहिल्याच रात्री ओढीखाली जातो आणि पुढचे सात दिवस त्यावर पाणी मारायला कुणी फिरकत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आता केमिकल अँकर आले आहेत, ते टनांनी भार घेतात, मग वीट काय नि काँक्रीट काय! केमिकल अँकर ही चांगली चीज आहे, आणि कडेजवळ काम असेल तर फुगणाऱ्या बोल्टपेक्षा तीच घ्यावी, कारण ती मालाला रेटत नाही, चिकटते. पण डब्यावर किंवा माहितीपत्रकात ठळक छापलेले आकडे बहुधा काँक्रीटमधले असतात. विटेत बोल्ट रसायनातून सुटत नाही. तो अख्ख्या विटेसकट बाहेर येतो. बोल्ट कितीही दमदार असला तरी तो धरून बसला आहे त्या विटेला चारी बाजूंनी जेवढा माल चिकटला आहे, तेवढीच त्याची ताकद. भोकातली धूळ ब्रशने घासून आणि फुंकून काढली नाही तर तेवढीही नाही. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी न घालता रसायन सोडले तर ते आत पोकळीत सांडून जाते. हलक्या एएसी ब्लॉकची कंपाउंड भिंत आता फार दिसते. तो ब्लॉक विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, मऊ, हाताच्या करवतीने कापता येणारा. त्याच्या तोंडाला १५० किलोचा पल्ला टांगणे हे धाडस आहे, मग रसायन कोणतेही वापरा. भिंतीलाच धरायचे असेल तर एकच पद्धत भरवशाची. बोल्ट आरपार न्यायचा आणि मागच्या बाजूला तळहाताहून मोठी पट्टी लावून नट तिच्यावर आवळायचा, म्हणजे ओढ एका विटेवर न येता कित्येक विटांवर पसरते आणि ताणाचे रूपांतर दाबात होते. वीटकामाला दाब पेलता येतो. तरीही हलक्या, अर्ध्या उंचीच्या, माणसापुरत्या छोट्या गेटला हे ठीक. गाडीच्या गेटला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजोबांच्या काळातली गेटे विटांच्या खांबांवर, भिंतीत चिणलेल्या साध्या आकड्यांवर पन्नास वर्षे उभी आहेत, तेव्हा हे सगळे अवडंबर कशाला? पडली ती गेटे मोजायला आज कोणी नाही, उभी आहेत तीच दिसतात, हे एक उत्तर झाले. पण खरे उत्तर गेटात झालेल्या बदलात आहे. जुने गेट गजांचे, वारा आरपार जाणारे, कमरेएवढे किंवा छातीएवढे आणि बैलगाडी किंवा फार तर एक मोटार जाईल इतक्या रुंदीचे असे. आजच्या गेटला डोळ्यांपासून आडोसा हवा, म्हणून लेझरने नक्षी कापलेला पत्रा किंवा पॅनेल लागते. सोसायटीत अग्निशमन दलाची गाडी शिरली पाहिजे म्हणून रुंदी वाढली. शिवाय आता त्याला मोटार बसवून रिमोटवर चालवायचे असते, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा सुरू होतानाचा आणि थांबतानाचा झटका बिजागरीला बसतो. खांब मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला, किंबहुना बारीक झाला. खरे जड दरवाजे ज्यांनी बांधले त्यांची रीत याच्या अगदी उलट होती. आपल्या किल्ल्यांच्या आणि मोठ्या वाड्यांच्या दरवाजांच्या फळ्या भिंतीला खिळलेल्या बिजागऱ्यांवर लटकत नसत. फळीच्या कडेला वर-खाली निघालेल्या टोकांवर त्या फिरत. खालचे टोक उंबऱ्याच्या दगडातल्या खळग्यात, वरचे टोक माथ्याच्या दगडात. कितीतरी पडक्या दरवाजांत फळ्या गेल्या आणि घासून गुळगुळीत झालेले ते खळगे तेवढे राहिले. वजन थेट जमिनीत जाई, वरची ओढ कित्येक मणांच्या दगडावर येई, आणि तो दगड वरच्या बांधकामाच्या ओझ्याखाली दाबलेला असे. परंपरेचाच दाखला द्यायचा तर तो हा द्यावा. नऊ इंची खांबाचा देऊ नये.

जमीन आणि हवा यांचा हिशेब तर कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन फुटांवर पाया थांबवलेला खांब तिच्याबरोबर हलतो. मग पावसाळ्यात गेट घासते, उन्हाळ्यात फट पडते आणि दरवर्षी वेल्डर येऊन बिजागरी थोडी वर-खाली करून जातो. खांब काळी माती ओलांडून खालच्या मुरमात गेला पाहिजे, याला पर्याय नाही. कोकणात आणि गोव्यात भिंत जांभ्याची. चिरा सच्छिद्र आणि मऊ, ताजा असताना तर पात्याने तासता येतो. त्यात फुगणारा बोल्ट धरत नाही, आणि धरला तरी पावसाचे पाणी त्याच वाटेने आत उतरते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत भिंतीत चिणलेले साधे लोखंड गंजते. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागते, आणि ती जागा ते वीट किंवा चिरा फोडून घेते. रत्नागिरीत किंवा मालवणात खांबाची भेग पाहून लोक ‘पाया खचला’ म्हणतात. अनेकदा पाया शाबूत असतो आणि आत चिणलेला लोखंडाचा पाय फुगलेला असतो. किनारपट्टीला जस्ताचा मुलामा दिलेले पाय आणि बोल्ट वापरणे ही चैन नव्हे. गरजच आहे. पोकळ चौकोनी पाइपचे वरचे तोंड बंद केले नाही तर पाऊस आत साठतो आणि पाइप जमिनीलगत आतून सडतो. तिथे काँक्रीट जमिनीपेक्षा दोन बोटे वर आणून बाहेर उतार द्यायचा, एवढे केले तरी पाइपचे आयुष्य बरेच वाढते.

मग करायचे काय? दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा, मधोमध पोस्ट खालपर्यंत सोडलेली, आजूबाजूला सळयांची जाळी आणि काँक्रीट. हा ठोकळा पाऊण टनाहून जड होतो. नुसत्या स्वतःच्या वजनाने तो १५० किलोच्या त्या पल्ल्याच्या कलण्याला जवळपास दुप्पट विरोध करतो, आणि आजूबाजूची ठोकून बसवलेली माती मदतीला आहेच. भिंत बाजूला राहते. तिने फक्त आडोसा द्यायचा. पोस्ट आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवली तर दोघेही आपापल्या परीने हलायला मोकळे. विटांचाच खांब दिसायला हवा असेल तर आत आरसीसी कॉलम घ्यावा, त्याच्या सळया पायापासून वर आलेल्या असाव्यात, आणि बिजागरीच्या जागी मागे पाय असलेली इन्सर्ट प्लेट काँक्रीट ओतण्याआधीच बसवावी, म्हणजे पुढे ड्रिल लावायचीच वेळ येत नाही. बाहेरून वीट किंवा दगड हवा तो चढवा. गटार, पाण्याची लाइन किंवा खडक आड आल्यामुळे खोल जाता येत नसेल, तर रस्त्याखालून एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत काँक्रीटचा बीम टाकावा. दोन्ही पल्ल्यांची ओढ एकमेकींविरुद्ध असते. बीम त्या दोघींना आपसातच झुंजू देतो आणि खांब सरळ राहतात. अभियंत्याला हे नवे नाही. फक्त त्याला कुणी विचारत नाही. आणि ज्यांना खर्चाची धास्ती वाटते त्यांनी हिशेब करावा. त्या ठोकळ्याला सिमेंटची तीन पोतीही लागत नाहीत. चार मीटरच्या गेटला लेझरची नक्षी निवडणाऱ्याने या पोत्यांवर घासाघीस करावी, हे मला तरी अजब वाटते.

‘खाली चाक लावले की झाले’ हे या धंद्यातले आवडते औषध. पल्ल्याच्या टोकाखाली चाक असले की वजन त्यावर जाते आणि बिजागरीची ओढ घटते, हे सपाट काँक्रीटवर खरे. गेटसमोर उतार असतो, पेव्हर ब्लॉक खचलेला असतो, दगड अडकतो. चाक चढावर चढले की ते पल्ला वर उचलते आणि बिजागरीला पिळते. खड्ड्यात उतरले की सगळे वजन झटक्यासरशी पुन्हा खांबावर. चाक मदत करते, पण ते आहे म्हणून खांब बारीक करणे चुकीचे. सरकत्या गेटचा धोका याहून मोठा आहे, कारण ते लटकत नाही, रुळावर उभे असते आणि त्याला सरळ ठेवणारी एकच गोष्ट असते. भिंतीला किंवा खांबाला धरलेला वरचा रोलरचा ब्रॅकेट. तो दोन फास्टनरवर विटेत खिळलेला असतो. रुळाच्या टोकाला गेट थांबवणारा अडसर नसला किंवा तो झिजून तुटला, तर गेट रोलरमधून निसटते आणि मग पाच-सहाशे किलो लोखंड ज्या बाजूला कलेल तिकडे आडवे होते. २०२४ च्या जुलैअखेरीस पिंपरी-चिंचवड भागात अंगावर लोखंडी गेट पडून साडेतीन वर्षांची मुलगी गेली. त्याचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर फिरले, लोक हळहळले. गेटजवळ असतात ती मुले आणि पहारेकरी. त्या गेटचे वजन कोणी ठरवले, त्यात या दोघांचा काही संबंध नसतो.

जबाबदारीच्या प्रश्नावर सरकारी उत्तर साधारण ठरलेले असते. नियम आहेत. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंड भिंतीची उंची आहे आणि गेट आतल्या बाजूला उघडावे हे आहे. म्हणजे रस्त्याला त्रास होऊ नये, याची काळजी घेतलेली आहे. खांब कशावर उभा आहे याकडे मात्र लक्ष जात नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करायचे असते. त्यात कॉलम, बीम, गच्चीची गळती पाहिली जाते. परीक्षक येतो तो याच गेटातून, आणि बहुधा त्याच्याकडे न पाहताच आत जातो. कुंपणाला इमारत न मानण्याची किंमत आपण मोजलेली आहे. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्यात सोसायटीची कंपाउंड भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मेले. तिथले कारण वेगळे होते, भिंतीमागची माती आणि पाणी. पण तीही शेवटी ‘बाहेरच्या कामां’तलीच भिंत होती.

यावर आणखी एक परवाना, आणखी एक दाखला काढा, असे म्हणणारा मी नाही. महापालिकेत एक खिडकी वाढवून कुठलाही खांब सरळ होत नाही. उलट परवान्याच्या धास्तीने लोक रात्रीतून गेट बसवून मोकळे होतील, हा आक्षेप मला मान्य आहे. मागणी त्याहून लहान आहे. संरचनेच्या नकाशात, जो कोणत्याही इमारतीसाठी द्यावाच लागतो, गेटसाठी चार आकडे असावेत: पल्ल्याचे कमाल वजन, रुंदी, बिजागऱ्यांतले अंतर आणि खांबाच्या पायाचे माप. पुढे कोणी दुप्पट जड गेट लावायला निघाला तर निदान कशाची मर्यादा मोडतो आहोत हे त्याला समोर दिसेल. परीक्षणाच्या अहवालात गेटसाठी एक परिच्छेद असावा. आणि सोसायटीच्या कमिटीने कोटेशन मागवतानाच खांब आणि पाया यांचा दर वेगळा मागावा, किलोच्या बाहेर. फॅब्रिकेटरला दोष देऊन उपयोग नाही. ज्या कामाचे पैसे कुणी विचारत नाही ते काम कुणी करत नाही, आणि गवंडी व गेटवाला यांच्यामधली ही फट मालकाच्या कंजुषीने जितकी रुंदावली आहे तितकी कुणाच्या अडाणीपणाने नाही. नव्या प्रकल्पात राहायला गेलेल्यांच्या हातात तर कायदाही आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीचा दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. लोक हे कलम गळक्या बाथरूमसाठी वापरतात. कललेल्या गेटसाठी ते वापरल्याचे सहसा ऐकू येत नाही.

दोष लक्षात आणून द्यायचा तर तो आधी दिसला पाहिजे, आणि गेट आपला दोष फार आधी दाखवते. पहिली खूण म्हणजे कडी जुळेनाशी होते. पल्ल्याचे टोक चार-पाच मिलिमीटर खाली आलेले असते. अशा वेळी वेल्डर बोलावून कडीचे भोक कानशीने खालच्या बाजूला वाढवून घेतले जाते, आणि कडी पुन्हा बसते. खरे तर तेव्हा कडीकडे नव्हे, पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या बिजागरीकडे पाहायचे असते. तिच्याभोवती गिलाव्यात केसाएवढी भेग आहे का? बिजागरीपासून भिंतीच्या आत तिरपी जाणारी रेष आहे का? भेगेतून तांबूस पाणी ओघळल्याचा डाग आहे का? खांब आणि भिंत यांच्या सांध्यात वर नख शिरते आणि खाली शिरत नाही, असे आहे का? ओळंबा लावला तर खांब वरच्या टोकाला मोकळ्या बाजूकडे किती झुकला आहे, हे दोन मिनिटांत कळते. बिजागरीच्या खुंट्याही पाहाव्यात. दोन्ही खुंट्यांची तोंडे वर असतील तर धक्क्याने पल्ला उचलून निघू शकतो. वरची खुंटी उलटी बसवली की तो प्रश्न मिटतो. यांपैकी काही आढळले तर गेट त्याच दिवशी उतरवून भिंतीला टेकून नव्हे, जमिनीवर आडवे ठेवावे, आणि येण्याजाण्यासाठी तूर्त साखळी लावावी. नवा खांब ओतल्यावर त्याच्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे आणि तोवर पल्ला लटकवायचा नाही. फॅब्रिकेटर घाई करील, सेक्रेटरीला रोज फोन येतील, गाड्या चोरीला जातील अशी भीती कुणीतरी घालेल. त्या सात रात्रींसाठी एक जादा पहारेकरी ठेवावा, आणि त्याचा पगार गेटच्या खर्चातच धरावा.